क्लिक न केलेली बातमी

बातम्यांच्या संकेतस्थळावर कोणत्या मथळ्यावर किती वाचकांनी क्लिक केलं, हे संपादकांना आता क्षणाक्षणाला दिसतं. जिथे कुणी क्लिक केलंच नाही, तिथे काय घडलं हे मात्र त्या आकड्यात येत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातले टिम ग्रूट कोर्मेलिंक आणि इरेने कोस्टेरा मेयर यांनी नेमकं तेच शोधायला घेतलं. ५६ जणांना त्यांनी नेहमीसारख्या बातम्या चाळायला सांगितल्या. अट एवढीच, की चाळताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. क्लिक करण्या-न करण्यामागची ३० वेगवेगळी कारणं त्यांच्या २०१८ च्या निबंधात नोंदवलेली आहेत.

त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते साधंच कारण: मथळ्यातच सगळं कळलं, मग उघडायचं कशाला? वाचकाला बातमी हवी होती, ती मिळाली आणि तो पुढे गेला. मोजणीत मात्र त्याला रस नव्हता अशी नोंद झाली. दुसरं कारण याच्या उलट, म्हणजे मथळ्यातून काहीच उलगडत नाही, कुठल्या तरी लांबलेल्या प्रकरणाचा सुटा तुकडा समोर येतो आणि मागचंपुढचं लागत नाही. तिसरं, विषयच इतका चघळला गेलाय की आणखी वाचवत नाही. या तिघांच्याही खात्यात शून्यच जमा होतं, आणि त्या शून्यावरून संपादकाने काय समजायचं?

बरं, क्लिक होतं तेव्हा तरी ते वाचकाची आवड सांगतं का? अमेरिकेतलं ‘अपवर्दी’ हे संकेतस्थळ एकाच मजकुराला अनेक मथळे देऊन ते वेगवेगळ्या वाचकांना यादृच्छिक पद्धतीने दाखवत असे. अशा सुमारे २२,७०० चाचण्यांमधले १,०५,००० मथळे संशोधकांनी तपासले आणि २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वसाधारण लांबीच्या मथळ्यात नकारार्थी भावनेचा एक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. सकारात्मक शब्दांनी ते घटत होतं. मजकूर तोच असल्यामुळे फरक मथळ्याचाच, हे या चाचणीचं बळ. गंमत म्हणजे ‘भीती दाखवा, लोक धावत येतील’ हा समज इथे टिकला नाही. दुःखाच्या शब्दांनी क्लिक वाढले, भीतीच्या शब्दांनी उलट थोडे कमी झाले, आणि रागाचा ठळक परिणाम दिसलाच नाही. अर्थात हे एका संकेतस्थळाचं चित्र आहे, आणि तेही सकारात्मक गोष्टींसाठी ओळखल्या जाणाऱ्या.

वाईट बातमीकडे शरीरही ओढलं जातं. स्टुअर्ट सोरोका आणि सहकाऱ्यांनी १७ देशांतल्या हजाराहून अधिक लोकांना बातम्यांच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजली. सरासरीने नकारात्मक बातम्यांना प्रतिसाद जास्त होता. हा २०१९ चा निष्कर्ष बऱ्याचदा इथपर्यंतच सांगितला जातो. पुढचा भाग असा, की माणसामाणसांत फरक मोठा होता आणि प्रत्येक देशात तो दिसला. म्हणजे ‘लोकांना हेच हवं असतं’ असं म्हणणाऱ्या संपादकाकडे फार तर एक सरासरी असते.

शेअरच्या आकड्याचीही तीच गत. पेन स्टेट विद्यापीठातले एस. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी फेसबुकवरच्या २०१७ ते २०२० या काळातल्या साडेतीन कोटी सार्वजनिक पोस्ट अभ्यासल्या. बातमीचा दुवा जितक्या वेळा पुढे पाठवला गेला, त्यातल्या सुमारे ७५ टक्के वेळा पाठवणाऱ्याने तो आधी उघडलेलाच नव्हता! राजकीयदृष्ट्या टोकाच्या मजकुरात हे प्रमाण आणखी जास्त होतं.

दरम्यान काही वाचक बातम्यांपासूनच लांब जाताहेत. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत ‘मी बातम्या कधीकधी किंवा बरेचदा टाळतो’ असं सांगणारे २०१७ मध्ये २९ टक्के होते, २०२४ मध्ये ३९ टक्के. मनःस्थिती बिघडते, मारा फार होतो, कळूनही हातात काही नसतं, अशी कारणं ते देतात. दुःखी मथळ्यांनीच त्यांना पळवलं, असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण आज एक क्लिक मिळवून देणारा शब्द वर्षभराने तोच वाचक गमावतो का, हे मथळ्याच्या चाचणीत दिसणं शक्यच नाही. ती चाचणी त्या क्लिकपाशीच संपते.

मग क्लिकऐवजी वाचनाला लागलेला वेळ मोजावा, असा पर्याय पुढे आला. ग्रूट कोर्मेलिंक आणि कोस्टेरा मेयर यांनी २०२० मध्ये तोही पारखला. जास्त वेळ म्हणजे जास्त लक्ष, असं काही त्यांना आढळलं नाही. वाचक कधी झर्रकन नजर टाकूनही समाधानी असतो, आणि कधी पान नुसतंच उघडं राहिलेलं असतं.