बटर फ्रूट पाणचट निघालं, दोष जातीचा की घाईचा?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या बंगल्यांपासून खानापूरकडच्या मळ्यांपर्यंत, परड्यात बटर फ्रूट, म्हणजे ॲव्होकॅडो, लावलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: आमचं फळ पाणचट निघतं, हॅस जातीचं कलम लावायला हवं होतं. झाडाला नाव ठेवण्याआधी फळ कधी उतरवलं ते विचारावं, असं माझं मत आहे. घरच्या बागेत दोन जातींची म्हणून जी तुलना होते, ती पुष्कळदा एका तयार आणि एका कोवळ्या फळाची असते.

आंब्याला झाडावर पाड लागतो. ॲव्होकॅडो मात्र देठाला असेपर्यंत टणकच राहतो आणि तोडल्यावर काही दिवसांनी मऊ पडतो. झाडावर महिनोन्‌महिने लटकत असताना गरातलं पाणी कमी होत जातं आणि जवळजवळ तेवढंच तेल वाढतं. दोघांची बेरीज साधारण कायम राहत असल्याने तेल मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, पाणी मोजलं की भागतं. कॅलिफोर्नियात हॅस विकायला काढताना गरात कोरडा भाग (पाणी उडाल्यावर उरतं ते) किमान 20.8 टक्के असावा लागतो, तो नियम याच हिशेबावर उभा आहे. कोवळं फळही तोडल्यावर मऊ होतं, पण त्यात तेल भरलेलं नसल्यामुळे गर पाणचट लागतो, कधी रबरासारखा होतो आणि साल सुरकुतते.

ही मोजणी स्वयंपाकघरात जमते. टणक फळ तोडलं त्याच दिवशी साल, बी आणि बीवरचा पापुद्रा काढून गर किसावा. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर 20 ग्रॅम कीस घ्यावा, पसरट ताटलीत पातळ पसरावा आणि मायक्रोवेव्हमध्ये अगदी मंद ठेवून थोडा थोडा वाळवावा. करपला तर हिशेब चुकतो. वजन उतरायचं थांबलं आणि ताटलीत 4 ग्रॅम उरले, तर कोरडा भाग 20 टक्के. (पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहू नये, कीस वाळण्याआधी बुरसेल.) दर पंधरवड्याला फळ तोडून हा आकडा वहीत लिहीत गेलं, की आपलं झाड कोणत्या महिन्यात भरतं ते कळतं. चवीची तुलना त्यानंतर.

सगळ्या जातींना एकच माप लावणंही बरोबर नाही. ॲव्होकॅडोची तीन कुळं आहेत. वेस्ट इंडियन कुळ उष्ण-दमट हवा सोसतं, त्याची साल पातळ, बी बऱ्याचदा सैल आणि तेल मुळातच कमी. ग्वाटेमालन फळाची साल जाड, खरबरीत, आणि मोहोरापासून तयार व्हायला ते वर्षभरही घेतं. मेक्सिकन कुळ थंडीला दणकट, फळ लहान, पण तेल भरपूर. त्याचं पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो. हॅस हा ग्वाटेमालन आणि मेक्सिकन कुळांचा संकर. त्याला समशीतोष्ण हवा मानवते, मोहोर-फळधारणेच्या वेळी कोरडा उन्हाळी वारा सोसत नाही. म्हणून जांबोटीच्या बाजूला जे जमेल ते अथणीच्या काळ्या रानात जमेलच असं नाही, जिल्हा एक असला तरी. घरच्या बागेसाठी मी आधी कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या फळबाग संशोधन केंद्राने निवडलेले अर्का सुप्रीम आणि अर्का कूर्ग रवी हे वाण बघेन, मग हॅस.

मोहोराची गंमत वेगळीच आहे. ॲव्होकॅडोचं प्रत्येक फूल दोनदा उमलतं: पहिल्यांदा मादी म्हणून, मग मिटतं आणि पुन्हा उमलताना नर होऊन पराग देतं. ‘अ’ गटातलं फूल सकाळी मादी असतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. ‘ब’ गटातलं दुपारी मादी, दुसऱ्या दिवशी सकाळी नर. हॅस, रीड, पिंकर्टन ‘अ’ गटातले. फुएर्ते, बेकन, झुटानो ‘ब’ गटातले. शेजारी दोन्ही गट असले की एकाचा पराग दुसऱ्याला नेमक्या वेळी मिळतो, आणि वाहतूक मधमाश्या-माश्या करतात. मग एकटं झाड फळतं कसं? गारठ्यात फुलांचं घड्याळ मागेपुढे होतं आणि एकाच झाडावर नर-मादी फुलं काही काळ एकत्र उघडी राहतात. बेळगावच्या थंड पहाटेचा इथे फायदा होऊ शकतो. तरीही मोहोरातलं हजारात एखादंच फूल फळापर्यंत पोचतं, तेव्हा गळ बघून घाबरू नये. नर्सरीवाल्याला जात सांगता येत नसेल तर सकाळी नऊला आणि दुपारी तीनला मोहोर बघावा, गट आपला आपल्याला कळतो.

बी लावून वाढवलेलं झाड आईसारखं निघत नाही. हॅससुद्धा असंच बीपासून निपजलेलं एकुलतं एक झाड. रुडॉल्फ हॅस या पोस्टमनने त्याचं पेटंट 1935 मध्ये घेतलं. जगातली सगळी हॅसची झाडं ही त्याचीच कलमं. ते मूळ झाड 2002 मध्ये मुळकुजीने गेलं. मुळकूज करणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात आळ्यात साचलेलं पाणी म्हणजे त्यांना आमंत्रणच. पावसाळ्यात आळं मोडावं, रोप फूट-दीड फूट उंच मातीच्या वरंब्यावर लावावं आणि बुंध्याला न टेकता पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्यावं. जात निवडण्यापेक्षा मी हे महत्त्वाचं मानतो. एक कलम उताराला आणि दुसरं न्हाणीच्या सांडपाण्याजवळ लावलं, तर पुढे तुलना जातींची होत नाही, जागांची होते.

छाटणीची पानं शेळ्या-म्हशींपुढे टाकू नका. त्यांत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. ते दुभत्या जनावराच्या कासेला सूज आणतं, दूध आटवतं आणि जास्त पोटात गेलं तर हृदयावर जातं. ग्वाटेमालन कुळाची पानं यात जास्त बदनाम आहेत, पण गोठ्याशी प्रयोग नकोत. पानं खड्ड्यात घालून वर माती ओढावी.