बाप्तिस्म्याच्या पलीकडचे शिष्यत्व : ‘देवाच्या दरबारा’ची पार्श्वभूमी

ज्याला माझ्यामागे यायचे असेल त्याने दररोज आपला वधस्तंभ उचलून मला अनुसरावे, असे येशूचे वचन लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्यातला ‘दररोज’ हा शब्द महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासात बराच काळ मागे पडला होता. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत येशूच्या पाचारणाला, म्हणजे त्याच्या हाकेला, होकार देणे म्हणजे बाप्तिस्मा घेणे, असाच अर्थ रूढ झाला. बाप्तिस्म्याबरोबर जात, घर आणि पुष्कळदा गावही सुटत असल्याने नवख्रिस्ती माणसाला मिशनचाच आसरा घ्यावा लागे, आणि शिक्षक किंवा उपदेशक म्हणून मिळणारा पगार हाच त्याच्या शिष्यत्वाचा दृश्य आधार बनून जाई. यात मिशनऱ्यांच्या हेतूला दोष देता येणार नाही, पण परिणाम व्हायचा तो झाला.

या चौकटीबाहेर पाऊल टाकले ते मराठी कवी नारायण वामन टिळकांनी, आणि ‘देवाचा दरबार’ हा त्यांनीच पुढे उभा केलेला ख्रिस्तशिष्यांचा समाज. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट मात्र निराळी होती, आणि मला ती अधिक बोलकी वाटते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे राहायला आल्या खऱ्या, पण सोवळे सांभाळून. त्यांचा स्वयंपाक वेगळा आणि पाणीही वेगळे. पुढे, जातिभेद माणसाने केला आहे, देवाने नव्हे, असा विचार त्यांच्या मनात पक्का झाला आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवून टाकले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये, घेतला. म्हणजे उपासनामंदिराची पायरी चढण्याआधीच त्यांच्या शिष्यत्वाची सुरुवात घरातल्या पाण्याच्या भांड्यापाशी झाली होती.

आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, अशी टिळकांची धारणा होती. म्हणूनच त्यांनी उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची पदे मंडळ्यांमधून आजही गायिली जातात. वारकरी जसा शेत नांगरताना, दळण दळताना नाम घेतो, तसे येशूचे नाव मराठी माणसाच्या कामाधामात मुरावे, ही त्यांची तळमळ होती.

अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसमाज होता. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही शिष्य म्हणणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. येशूला गुरू मानून आपल्याच घरात, आपल्याच माणसांत राहणाऱ्याला यामुळे प्रथमच हक्काची जागा मिळाली. दरबाराला स्थिरावण्याइतका अवधी मात्र लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. येशूच्या जीवनावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.