नॅनो-जैवसंवेदक

नॅनो-जैवसंवेदक : रक्त, लाळ, मूत्र, घाम किंवा पाणी यांतला ठरावीक रेणू हुडकून त्याची खबर विद्युत संकेताच्या रूपात देणारे साधन म्हणजे जैवसंवेदक. हुडकण्याचे काम एंझाइम, प्रतिपिंड, डीएनएचा एकेरी धागा किंवा असाच एखादा चोखंदळ जैविक पदार्थ करतो. खबर पोचवण्याचे काम इलेक्ट्रोड, ट्रान्झिस्टर किंवा वाकणारी सूक्ष्म पट्टी करते. हा दुसरा भाग काही नॅनोमीटर जाडीची तार, नळी, कण किंवा छिद्र असेल आणि त्याचा संकेत वाढवणारे व मोजणारे मंडल (सर्किट) सिलिकॉनच्या चिपवर त्याच्या शेजारी, बहुधा थेट त्याच्या खालीच असेल, तर ते साधन या नोंदीच्या कक्षेत येते. नॅनोला मराठीत ‘अब्जांश’ असा प्रतिशब्द आहे. प्रयोगशाळेत मात्र सगळे नॅनोच म्हणतात.

या क्षेत्रातील संशोधनाचा मोठा हिस्सा एका साध्या वस्तूभोवती फिरतो : मीठ. रक्तद्रव म्हणजे एका अर्थी खारे पाणी, आणि चिपच्या कारखान्यात मिठाइतका धाक फार थोड्या गोष्टींचा असतो. मिठातले सोडियम आयन ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाखालच्या) ऑक्साइडच्या थरात शिरले की तिथे इकडून तिकडे सरकत राहतात आणि ट्रान्झिस्टर कोणत्या विभवाला चालू होणार याचा नेम राहत नाही. १९६० च्या दशकात एमओएस (धातू-ऑक्साइड-अर्धसंवाहक) ट्रान्झिस्टर बेभरवशाचे ठरत होते, त्यामागे मुख्यतः हेच कारण होते. चिप बनवण्याच्या धूळमुक्त खोलीत, म्हणजे क्लीनरूममध्ये, माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकून वावरतात ती धुळीइतकीच घामाच्या भीतीने. सोन्याची कथाही तशीच. गंधकयुक्त रेणू सोन्याला घट्ट चिकटतात, म्हणून जैवरसायनाच्या माणसाला इलेक्ट्रोड सोन्याचाच हवा असतो. सिलिकॉनमध्ये झिरपलेले सोने मात्र ट्रान्झिस्टरची वाट लावते, म्हणून बहुतेक फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यांत, सोन्याला मज्जाव असतो. त्यामुळे चिप आधी नेहमीच्या पद्धतीने पूर्ण करून घ्यायची आणि सोने, नॅनोनळ्या, प्रतिपिंड वगैरे मंडळींचे थर नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेत चढवायचे, अशी वाटणी रूढ झाली. या दुसऱ्या टप्प्यात तापमान साधारण ४०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या वर नेता येत नाही, कारण खाली बसलेल्या धातूच्या जोडण्या बिघडतात. प्रतिपिंड तर साठ-सत्तर अंशांनाही टिकेलच असे नाही, म्हणून त्यांची पाळी सर्वांत शेवटी.

जैवसंवेदकाची मूळ कल्पना अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी मांडली. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला होता. १९६२ मध्ये चँप लायन्स यांच्यासह त्यांनी त्याच इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम पडद्याआड कोंडण्याची युक्ती सुचवली. ग्लुकोज आले की एंझाइम ऑक्सिजन खाते. ऑक्सिजन किती घटला त्यावरून ग्लुकोज कळते. पुढे १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड व क्रॅनफील्ड येथील गटांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीन हे लोहयुक्त संयुग इलेक्ट्रॉनांचा हमाल म्हणून वापरले आणि १९८७ मध्ये पेनाएवढा ग्लुकोमीटर बाजारात आला. आज घरोघरी असलेली ग्लुकोज मोजण्याची पट्टी उजेडात धरली तर कार्बनचे काळे पट्टे, टोकाशी रक्त आपोआप ओढून घेणारी फट आणि पारदर्शक झाकणाखाली वाळलेला पिवळसर थर दिसतो. त्या थरातच एंझाइम आणि इलेक्ट्रॉनवाहक असतात.

पट्टीचे हे यश पाहून इतर चाचण्याही अशाच घरी होतील असे वाटू शकते. तसे घडले नाही, याचे कारण आकड्यांत आहे. रक्तात ग्लुकोज मुबलक असते, लिटरमागे सुमारे ५ मिलिमोल. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन त्यापेक्षा अब्जावधी पट कमी असते आणि त्याच्याशी जमवून घेऊन इलेक्ट्रॉन सोडत बसणारे सोयीचे एंझाइमही नाही. अशा दुर्मीळ रेणूंसाठी वेगळा मार्ग शोधताना इलेक्ट्रॉनिकीतली माणसे ट्रान्झिस्टरकडे वळली.

क्षेत्र-परिणाम संवेदक : नेदरलँड्समधील ट्वेंटे येथे पीट बर्गव्हेल्ड यांनी १९७० मध्ये ट्रान्झिस्टरचा धातूचा गेट काढून टाकला आणि त्या जागी द्रावणच येऊ दिले. द्रावणातील हायड्रोजन आयन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर बसतात, पृष्ठभागाचे विभव बदलते आणि खालून वाहणारा प्रवाह कमीजास्त होतो. या साधनाला इसफेट (आयन-संवेदी क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर) म्हणतात. २५ अंश सेल्सिअसला पीएच एकाने बदलल्यास विभव जास्तीत जास्त सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते. सिलिकॉन डायऑक्साइड या मर्यादेपासून बराच मागे राहतो, टँटॅलम पेंटॉक्साइड तिच्या जवळ जातो. १९८० मध्ये जिरी यानाटा आणि स्टीव्हन कॅरस यांनी अशा ट्रान्झिस्टरवर पेनिसिलिन फोडणारे एंझाइम बसवून पेनिसिलिन मोजले.

इसफेटची कटकट म्हणजे ड्रिफ्ट. द्रावणात बुडालेला ऑक्साइड हळूहळू पाणी पितो, त्याचे गुणधर्म बदलत जातात आणि काहीही घडत नसताना वाचन सरकत राहते. चिपवर थेंब सोडून बेसलाइन सपाट होण्याची वाट पाहत बसणे हा या विषयातल्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याच्या दिनक्रमाचा भाग असतो. दुसरी कटकट त्याहून क्षुल्लक दिसते. चिपमधून सर्किट बोर्डावर जाणाऱ्या तारा केसापेक्षा बारीक असतात आणि त्यांवर इपॉक्सी थापून त्या पाण्यापासून वाचवाव्या लागतात. इपॉक्सीत एक भेग राहिली की खारा थेंब तारेपर्यंत पोचतो, तिथे बारीक बुडबुडे उठतात आणि पडद्यावरचा आलेख वेडावाकडा होतो. नामवंत नियतकालिकांतल्या चित्रांत हा इपॉक्सीचा ओबडधोबड ढीग सहसा दिसत नाही, पण कित्येक चिपांचे आयुष्य तोच ठरवतो.

नॅनो तारा : हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००१ मध्ये बोरॉन मिसळलेल्या सिलिकॉनची नॅनो तार संवेदक म्हणून वापरून दाखवली. तर्क असा : जाड वाहिनीच्या पृष्ठभागावर एक भारित रेणू बसला तर आतल्या प्रवाहाला त्याचा पत्ताही लागत नाही, पण १०-२० नॅनोमीटर जाडीच्या तारेत पृष्ठभाग आणि गाभा यांत फारसे अंतरच नसते. म्हणून तोच रेणू संपूर्ण तारेचा रोध बदलू शकतो. २००४ मध्ये याच गटाने इन्फ्लुएन्झाचा एकेक विषाणू तारेवर बसताना आणि उठताना टिपला. २००५ मध्ये कर्करोगाशी निगडित प्रथिने फेम्टोमोलर प्रमाणात मोजली. फेम्टोमोलर म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ६०० रेणू. कार्बनच्या नॅनोनळ्या व ग्रॅफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) यांवरही असेच ट्रान्झिस्टर झाले. २०२० मध्ये दक्षिण कोरियातील एका गटाने ग्रॅफीनवर प्रतिपिंड बसवून कोरोना विषाणू ओळखणारा संवेदक सादर केला.

२००५ च्या त्या प्रयोगात रक्तातील सीरम वापरण्यापूर्वी त्यातले मीठ काढून टाकले होते. हा तपशील बातम्यांत आला नाही, पण सगळी मेख त्यातच आहे. खाऱ्या पाण्यात कोणत्याही भारित रेणूभोवती विरुद्ध भाराचे आयन गोळा होतात आणि त्याचा भार झाकून टाकतात. जेवढ्या अंतरापर्यंत तो भार जाणवतो त्या अंतराला डिबाय लांबी म्हणतात. रक्ताइतक्या खारटपणात ती जेमतेम ०.८ नॅनोमीटर भरते. प्रतिपिंड स्वतःच सुमारे १० नॅनोमीटर उंच. त्याच्या शेंड्यावर पकडलेले प्रथिन तारेच्या दृष्टीने ढगाआड जाते. द्रावण शंभर पट पातळ केले तर ही लांबी ८ नॅनोमीटरच्या आसपास जाते आणि संकेत दिसू लागतो, पण मग ते रक्त उरत नाही. शिवाय कमी मिठात प्रतिपिंडांची पकडही बदलते. पातळ बफरमध्ये (पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात) मिळालेले विक्रमी आकडे आणि रुग्णाच्या रक्तातले आकडे यांची सरळ तुलना करणे म्हणूनच फसवे आहे, आणि ती फार वेळा केली जाते.

दुसरी अडचण वाट पाहण्याची. नॅनो तार लहान, म्हणून तिच्यावर येऊन धडकणारे रेणूही थोडे. पॉल शीहान आणि लॉइड व्हिटमन यांनी २००५ मध्ये हिशेब मांडून दाखवले, की फेम्टोमोलर द्रावणात निव्वळ विसरणावर (रेणूंच्या आपोआप पसरण्यावर) विसंबले तर एकट्या नॅनो तारेला मोजण्याजोगे रेणू मिळायला तास किंवा दिवसही लागतील. छातीत दुखणारा रुग्ण समोर असताना हा हिशेब कामाचा नाही. द्रावण वाहते ठेवणे, चुंबकीय कणांनी रेणू आधी गोळा करणे, एका तारेऐवजी हजारो तारांची जाळी पसरणे हे त्यावरचे उपाय.

मिठावरचे उपाय अधिक चतुर आहेत. येल विद्यापीठातील गटाने २०१० मध्ये दोन खोल्यांची व्यवस्था केली : पहिल्या खोलीत रक्तातून हवी ती प्रथिने पकडायची, धुवायची आणि मग स्वच्छ, कमी खारट द्रावणात सोडून दुसऱ्या खोलीतल्या तारांकडे पाठवायची. २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठात कार्बन नॅनोनळीवर उच्च वारंवारतेने मोजमाप केले गेले. विभव इतक्या झपाट्याने उलटसुलट होते की आयनांच्या ढगाला मागे धावणे जमत नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात प्रतिपिंडाऐवजी ॲप्टामर, म्हणजे डीएनएचा घडी पडणारा तुकडा, वापरला. सिरोटोनिन किंवा डोपामिन ही मेंदूतली संदेशवाहक रसायने पकडताच हा तुकडा आकार बदलतो आणि त्याच्या कण्यावरचा ऋण भार पृष्ठभागाच्या जवळ येतो किंवा दूर जातो. पकडलेल्या रेणूला स्वतःचा भार नसला तरी चालते, कारण ट्रान्झिस्टर पाहतो तो पकडणाऱ्याची हालचाल.

मंडलांचे काम : इथपर्यंत संवेदकाविषयी झाले. तो कितीही नाजूक असला तरी त्याचा संकेत मेजावरच्या उपकरणापर्यंत लांब केबलने न्यायचा झाल्यास केबलची धारकताच (विद्युतभार साठवण्याची क्षमता) संवेदकाच्या कैक पट मोठी पडते आणि संकेत गोंगाटात बुडतो. म्हणून वर्धक संवेदकाला शक्य तितका चिकटून हवा, आणि नॅनो व सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकी यांना एका चिपवर आणण्यामागचे खरे कारण हेच आहे. लहान ट्रान्झिस्टरमध्ये कमी वारंवारतेचा गोंगाट जास्त असतो आणि जैविक घटनाही नेमक्या सावकाश, सेकंद-मिनिटांच्या गतीने होतात. यावर दोन संवेदक शेजारी ठेवतात. एकावर प्रतिपिंड, दुसरा कोरा. दोघांची वजाबाकी केली की तापमान आणि ड्रिफ्ट बरेचसे गळून पडतात. हजारो संवेदक असतील तर कॅमेऱ्याच्या चिपप्रमाणे ओळी व स्तंभांनी पाळीपाळीने वाचन होते. एवढे सगळे चिपवर आले तरी संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे क्लोराइड चढवलेली चांदीची तार, बहुधा बाहेरून आणून बुडवावी लागते. पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी तिला चिपवर टिकाऊपणे बसवणे सोपे झालेले नाही.

नेहमीच्या व्यापारी चिप-प्रक्रियेत कोणताही बदल न करता, चिपच्या वरच्या संरक्षक नायट्राइड थरालाच संवेदक पृष्ठभाग मानून इसफेट करता येतो, हे १९९९ मध्ये बार्सिलोनातील संशोधकांनी दाखवले. त्याचा दणदणीत वापर जोनाथन रॉथबर्ग यांच्या आयन टॉरेंट कंपनीने केला. डीएनएच्या वाढत्या धाग्यात नवा घटक जोडला जाताना एक हायड्रोजन आयन सुटतो. त्यांच्या चिपवर १२ लाख सूक्ष्म विहिरी, प्रत्येकीच्या तळाशी एक इसफेट. ए, टी, जी, सी या डीएनएच्या चार अक्षरांची द्रावणे पाळीपाळीने वरून सोडायची. ज्या विहिरीत पीएच हलला तिथे ते अक्षर जुळले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या पद्धतीने वाचलेला मानवी जीनोम गॉर्डन मूर यांचा होता, ज्यांच्या नावाने चिपवरील ट्रान्झिस्टरवाढीचा नियम ओळखला जातो. पद्धतीची कमजोरीही उघड आहे : सलग सात-आठ सारखी अक्षरे आली तर एकदम मोठा उसळा येतो आणि ती सात की आठ हे नक्की सांगता येत नाही.

भारतातील संशोधन : मुंबईतील आयआयटी आणि बंगळुरूतील भारतीय विज्ञान संस्था येथे नॅनो-इलेक्ट्रॉनिकीची केंद्रे आहेत व देशभरातील विद्यार्थ्यांना तिथे साधने वापरू देणारा कार्यक्रमही चालवला गेला. पवईला व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने एसयू-८ या पॉलिमरच्या सूक्ष्म पट्ट्या केल्या. पट्टीच्या एका अंगावर रेणू बसले की ती किंचित वाकते आणि तिच्यातल्या रोधकाचा रोध बदलतो. हृदयविकाराच्या निदानासाठी हाती घेतलेल्या या तंत्राचा दुसरा उपयोग तिथूनच निघालेल्या नॅनोस्निफ या कंपनीत स्फोटकांची वाफ हुंगण्यासाठी झाला. हवेत मीठ नसते, एवढी तरी सोय तिथे आहे. बंगळुरूत नवकांत भट यांच्या गटाच्या कामातून पाथशोध ही कंपनी उभी राहिली. तिचे हातात मावणारे उपकरण ग्लुकोजबरोबर ग्लायकेटेड (साखर चिकटलेले) हिमोग्लोबिन व मूत्रातील अल्ब्युमिनही मोजते. राव यांना २०१३ मध्ये आणि भट यांना २०१८ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

नॅनो-छिद्रे : मिठाशी भांडण्याऐवजी त्यालाच कामाला लावणारी एक शाखा आहे. पडद्यात एक-दीड नॅनोमीटरचे छिद्र, दोन्ही बाजूंना खारे पाणी आणि आरपार विभव. आयन छिद्रातून वाहतात आणि शंभरेक पिकोअँपियर (अँपियरच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोअँपियर म्हणतात) प्रवाह मिळतो. डीएनएचा धागा छिद्रातून ओवला जाऊ लागला की वाट अडते आणि प्रवाह घटतो. १९९६ मध्ये जॉन कॅसियानोविच, डेव्हिड डीमर, डॅनियल ब्रँटन आदींनी जिवाणूच्या एका विषारी प्रथिनातील नैसर्गिक छिद्र वापरून हे दाखवले. पुढे ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनीने त्यावरून यूएसबीला जोडता येणारे, शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचे उपकरण बनवले. २०१५ मध्ये ते प्रवासी सामानातून गिनीला नेऊन इबोलाचे नमुने तिथेच वाचण्यात आले. २०१६ मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात चालवले. चिपवर प्रवाह मोजणारे ५१२ मार्ग आहेत आणि छिद्रे त्याच्या चौपट. छिद्र हे शेवटी प्रथिनच. ते चालता चालता बुजते किंवा निकामी होते, आणि एक गेले की मंडल त्याच मार्गावरच्या दुसऱ्या, जिवंत छिद्राकडे वळते.