बोट जी शार्पवर, सूर मात्र जी

सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बोट जी शार्पच्या चावीवर नेमकं पडतं आणि ऐकू येतो त्याच्या अर्धा सूर खालचा साधा जी. चूक बोटाची नसते. भोक झाकणारी छोटी गादी, म्हणजे पॅड, जागची हललेलीच नसते.

ही चावी पॅडला स्वतः उचलत नाही. पॅडला दाबून धरणारा दांडा ती फक्त दूर करते, आणि मग एक नाजूक स्प्रिंग पॅडला वर ढकलते. ती मुद्दामच कमजोर ठेवलेली असते, नाहीतर एरवी पॅड बंदच राहणार नाही. तिला अडवायला चिकटपणाचा पातळसा थरही पुरतो.

दोष सगळे लाळेला देतात. थोडी लाळ असतेही, पण वाद्यातलं बरंचसं पाणी श्वासातलं असतं. तोंडातून निघणारी हवा साधारण ३४-३५ अंश सेल्सिअसची आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली. नळी तिच्यापेक्षा थंड, म्हणून आत दव धरतं, ओघळतं आणि वाटेतल्या भोकाशी अडतं. क्लॅरिनेट किंवा ओबो मधेच गुडगुडतो तो यामुळेच. जोरात फुंकलं की तो बरा होतो. चिकटलेलं पॅड मात्र फुंकरीला दाद देत नाही.

दोन पृष्ठभागांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी फट असेल आणि तीत पाणी असेल, तर पृष्ठताणामुळे ते एकमेकांकडे ओढले जातात. ही ओढ हवेच्या दाबाच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकी भरते. शिवाय ते वेगळे व्हायचे तर कडेचा द्रव आत वाहून यावा लागतो. द्रव जितका दाट, तितका त्याला वेळ लागतो. भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी १८७४ मध्ये दोन चकत्या द्रवात वेगळ्या करून हेच मोजलं होतं. आता वाजवण्याआधी काही गोड प्यायला असाल, तर पाणी उडून जातं, साखर मागे राहते, आणि भोकाच्या कडेवर अक्षरशः पाक तयार होतो.

म्हणून आधी चूळ भरा. चिकटलंच, तर पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद, डिंकाची कड कापून, सरकवा. हलकं दाबा, सोडा, मगच कागद काढा. पॅड दाबलेलं असताना कागद ओढू नका. क्लॅरिनेट आणि बासरीच्या बऱ्याच पॅडमध्ये फेल्टवर जनावराच्या आतड्याचा पापुद्रा ताणलेला असतो, तो फाटतो. पावडर लावलेले कागद मला पटत नाहीत: तासभर सगळं छान चालतं, पुढे तीच पावडर ओलाव्यात कालवली जाते.

पॅड पुसणारे बरेच, भोकाची कड पुसणारे थोडे. निम्मा मळ तिथेच असतो. ओलसर कापसाची काडी कडेवरून फिरवून पाहा, ती काळी होऊन येते.

वाद्य ओलं असताना पेटी मात्र बंद करू नका. ओलावा आतच कोंडतो, आणि सतत भिजून-वाळून पॅड कडक होतं. मग ते भोक नीट झाकत नाही, हवा गळते, आणि सगळ्यात आधी खर्जातले सूर रुसतात.