पार्श्वभूमी : जड ट्रकची निदान-जोडणी आणि हिरव्या सॉकेटचा निर्णय

जड ट्रकसाठी निदानाचा (बिघाड शोधण्याचा) अडॅप्टर, म्हणजे ट्रक आणि लॅपटॉप जोडणारे साधन, आणि त्याची केबल निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून जन्मतात : प्लग सॉकेटात नीट बसला म्हणजे जोडणी झाली. प्रत्यक्षात सॉकेटचा आकार, त्यामागे आलेल्या तारा, त्या तारांवर चालणारा प्रोटोकॉल (संदेशांचे नियम) आणि लॅपटॉपवरील सॉफ्टवेअरला अडॅप्टरशी जोडणारा ड्रायव्हर या चार गोष्टी वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या गटांनी ठरवल्या आणि त्या ठरवताना प्रत्येकाने आपल्यापुढचा प्रश्न तेवढा सोडवला. आज टूलबॉक्समध्ये पाच-सहा केबली ठेवाव्या लागतात त्या यामुळेच.

सुरुवात १९८० च्या दशकात झाली. उत्तर अमेरिकेतील जड ट्रक एका छपराखाली तयार होत नसे. चेसिस एकाची, इंजिन दुसऱ्याचे, गिअरबॉक्स तिसऱ्याचा आणि एबीएस चौथ्याचे, अशी ती जुळणी असे. इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर या सगळ्यांच्या ईसीयूंनी (नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकांनी) एकमेकांशी बोलावे यासाठी जे१७०८ ही दोन तारांची जोडणी आणि तिच्यावर जे१५८७ ही संदेशांची रचना ठरली. वेग सेकंदाला ९६०० बिट आणि एका संदेशाची कमाल लांबी २१ बाइट. एवढ्या वेगात इंजिनाचे तापमान आणि फॉल्ट कोड (बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) वाचता येत, त्यापलीकडे फारसे काही अपेक्षितही नव्हते. बाहेरचे साधन जोडण्यासाठी सहा पिनांचा गोल कनेक्टर रूढ झाला, ज्यात ए आणि बी या पिनांवर जे१७०८, सी वर बॅटरीचा धन आणि ई वर ऋण येतो. या कनेक्टरमध्ये सामान्यतः दुसरे जाळे (ईसीयूंना जोडणाऱ्या तारांची व्यवस्था) नसते, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

१९८६ मध्ये जाहीर झालेले कॅन हे ईसीयूंना दोन तारांच्या जाळ्यावर जोडणारे तंत्रज्ञान ट्रकमध्ये जे१९३९ च्या रूपाने १९९० च्या दशकात आले. वेग सेकंदाला २,५०,००० बिट, संदेशाचा ओळख-क्रमांक २९ बिटांचा, मुख्य तारेची लांबी ४० मीटरपर्यंत, फाटा १ मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक. यासाठी नऊ पिनांचा गोल कनेक्टर आला. त्यात ए ऋण, बी धन, सी आणि डी वर जे१९३९, ई वर त्या तारांचे आवरण, एफ आणि जी वर जुने जे१७०८, तर एच आणि जे या पिना उत्पादकाच्या वापरासाठी राखलेल्या होत्या. ही रचना शहाणपणाची होती, कारण संक्रमणाच्या काळातील ट्रकवर दोन्ही जाळी एकाच वेळी चालत. इंजिन जे१९३९ वर बोलत असे आणि एखादे ब्रेकचे मॉड्यूल अजून जे१७०८ वरच असे. अशा ट्रकला फक्त कॅन समजणारा अडॅप्टर लावला तर इंजिन दिसते, ब्रेक दिसत नाही, आणि तंत्रज्ञ निष्कारण ब्रेकच्या मॉड्यूलचा फ्यूज शोधू लागतो.

सहा पिनांतून नऊ पिनांत नेणारी छोटी केबल आजही सर्रास वापरली जाते. ती उपयुक्त आहे, पण ती तारा एका आकारातून दुसऱ्या आकारात नेते, एवढेच. ट्रकच्या सहा पिनांच्या सॉकेटात कॅनची जोडी आलेलीच नसेल, तर अडॅप्टर कितीही चांगला असला तरी ती केबल जे१९३९ निर्माण करू शकत नाही.

येथे 'अडॅप्टर' या शब्दाचा गुंता सोडवला पाहिजे. ही आकार बदलणारी केबलही अडॅप्टर म्हणवते आणि ट्रकच्या जाळ्यावरील संदेश संगणकाला समजतील अशा रूपात आणणारी इलेक्ट्रॉनिक पेटीही अडॅप्टरच म्हणवते. पहिल्यात फक्त तांबे असते, दुसरीत प्रोसेसर, जाळ्याशी बोलणारे ट्रान्सीव्हर आणि फर्मवेअर (पेटीतच भरलेले सॉफ्टवेअर) असते. खरेदी करताना या दोहोंची गल्लत झाली की पैसे वाया जातात.

पेटीच्या बाबतीत मोठा बदल घडवला तो एका वाहतूकदार संघटनेच्या देखभालविषयक समितीने. त्यापूर्वी इंजिनाच्या प्रत्येक उत्पादकाची पेटी वेगळी आणि सॉफ्टवेअर तिलाच बांधलेले असे. मिश्र ताफा सांभाळणाऱ्या वर्कशॉपला प्रत्येकाची पेटी विकत घ्यावी लागे. आरपी१२१० या शिफारशीने विंडोजवरील सॉफ्टवेअर आणि पेटी यांच्यामधील कार्यपद्धती ठरवून दिली. पेटीबरोबर एक डीएलएल फाइल (ड्रायव्हर) येते, तिची नोंद विंडोजच्या फोल्डरमधील एका आयएनआय फाइलमध्ये होते, आणि कोणतेही सॉफ्टवेअर त्या यादीतून पेटी निवडते. ए, बी आणि सी अशा तिच्या आवृत्त्या निघाल्या. ही शिफारस खरेदीदारांच्या बाजूने झालेले या क्षेत्रातील बहुधा सर्वांत मोलाचे काम आहे. मात्र तिचे पालन करणारी पेटी प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर चालेलच अशी हमी ती देत नाही : उत्पादक आपले सॉफ्टवेअर मोजक्या पेट्यांवर तपासतात आणि ईसीयूमध्ये नवे प्रोग्रॅम भरण्याची परवानगी पुष्कळदा तेवढ्याच पेट्यांना देतात.

यानंतरचा टप्पा वादाचा आहे. धूर आणि नायट्रोजन ऑक्साइड यांवरील मर्यादा कडक होत गेल्या तसे एक्झॉस्टवर गाळण्या, सेन्सर आणि युरियाची फवारणी आली. अमेरिकेत जड इंजिनांसाठी ओबीडीची (उत्सर्जनाशी संबंधित बिघाड वाहनानेच ओळखण्याच्या व्यवस्थेची) सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०१३ मध्ये सर्वत्र लागू झाली. जाळ्यावरील संदेशांची गर्दी इतकी वाढली की २,५०,००० बिटांचा वेग अपुरा पडू लागला. २०११ मध्ये जे१९३९-१४ या भागाने तो दुप्पट, म्हणजे ५,००,००० केला. तारा त्याच, पिना त्याच, संदेश तेच. बदलला फक्त वेग. आणि नेमके हेच धोक्याचे होते.

जुन्या वेगाला बांधलेला अडॅप्टर नव्या जाळ्यावर लावला तर तो नुसता बहिरा राहत नाही. त्याच्या दृष्टीने जाळ्यावरचा प्रत्येक संदेश चुकीचा असतो, आणि कॅनच्या नियमानुसार चूक दिसली की ती त्याने मोठ्याने सांगायची असते. त्याचा एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा असल्याने सहा बिटांचा त्रुटी-संकेत २४ मायक्रोसेकंद चालतो. वेगवान जाळ्यावर तेवढ्यात १२ बिट जातात. चालू असलेला संदेश अर्थातच मोडतो. असे वारंवार झाल्यावर अडॅप्टरचा त्रुटी-मोजक त्याला गप्प बसवतो, हे खरे. पण त्याने स्वतः विनंती पाठवण्याचा प्रयत्न केला तर गोंधळ पुन्हा सुरू होतो, आणि काही अडॅप्टर जाळ्याबाहेर फेकले गेल्यावर आपोआप परत येतात. वर्कशॉपमध्ये उभ्या ट्रकवर यातून फॉल्ट कोडांची रांग लागते. रस्त्यावर, ताफ्याच्या देखरेखीसाठी कायम लावून ठेवलेल्या यंत्रामुळे असे झाले, तर इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांच्यातील संवाद तुटू शकतो.

म्हणून नऊ पिनांच्या कनेक्टरचा दुसरा प्रकार ठरला. त्याचा रंग हिरवा, आणि खाचेची ठेवण अशी की जुना काळा प्लग हिरव्या सॉकेटात जातच नाही. उलट हिरवा प्लग काळ्या आणि हिरव्या अशा दोन्ही सॉकेटांत बसतो. २०१० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून उत्तर अमेरिकेतील नव्या ट्रकवर हिरवे सॉकेट दिसू लागले.

या निर्णयावर वर्कशॉपमधून झालेली टीका दुर्लक्ष करण्यासारखी नाही. चांगल्या स्थितीतील काळ्या केबली एका रात्रीत अपुऱ्या ठरल्या. ज्यांचे अडॅप्टर वेग स्वतः ओळखू शकत होते, त्यांनाही केवळ खाचेमुळे नवी केबल घ्यावी लागली. काहींनी प्लगवरचा उंचवटा कानशीने घासून काळा प्लग हिरव्यात बसवला, जे अडॅप्टर सक्षम असेल तर निभावते आणि नसेल तर ज्या अपघातासाठी ती खाच होती तोच घडवते.

पण टीकेतील सर्वांत वजनदार मुद्दा वेगळाच आहे. वेग ओळखण्याची क्षमता असते पेटीत, आणि अडथळा बसवला केबलवर. बहुतेक पेट्यांची केबल काढता-घालता येते. जुन्या, एकाच वेगाच्या पेटीला नवी हिरवी केबल लावली की ती पेटी हिरव्या सॉकेटात कोणत्याही अडथळ्याशिवाय शिरते, आणि लावणाऱ्याची खात्री मात्र पटलेली असते की हिरव्याला हिरवे लावले आहे. इतकेच नव्हे, तर पेटी नवी असूनही सॉफ्टवेअर जुने असू शकते : आरपी१२१० मध्ये वेगाचा उल्लेख न करता नुसते जे१९३९ मागितले, तर जोडणी २,५०,००० वरच उघडते. हिरवा रंग पेटीबद्दल काही सांगत नाही आणि सॉफ्टवेअरबद्दल तर मुळीच नाही.

तरीही हा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या वेळी वापरात असलेले असंख्य अडॅप्टर आणि कायम जोडलेली यंत्रे जुन्या वेगाचीच होती. त्यांच्या फर्मवेअरमध्ये एका फतव्याने बदल करणे कोणाच्याही हातात नव्हते, तर सॉकेट प्रत्येक नव्या ट्रकवर नव्यानेच बसत होते. वेग आपोआप ओळखण्याची पद्धत जे१९३९-१६ मध्ये सविस्तर दिलेली आहे : अडॅप्टरने आधी काहीही न बोलता फक्त ऐकायचे, एका वेगावर निर्दोष संदेश मिळाले नाहीत तर दुसऱ्यावर जायचे, आणि खात्री झाल्यावरच तोंड उघडायचे. यासाठी जाळ्यावर कोणीतरी बोलत असले पाहिजे. म्हणून इग्निशन बंद असताना अडॅप्टरला वेग सापडत नाही, आणि पुष्कळदा त्याचा दोष केबलला दिला जातो. खाच ही तात्पुरती भिंत होती, ती गरजेची होती. खेद एवढाच की पेटीवर तिचा वेग ठळकपणे छापण्याची सक्ती तिच्याबरोबर आली नाही. आज अडॅप्टर घेताना रंग पाहण्याआधी तो ५,००,००० वर चालतो का, आधी ऐकून मग बोलतो का, आणि आपले सॉफ्टवेअर त्याला तसे सांगते का, हे तिन्ही विचारले पाहिजे.

जे१७०८ मागे पडल्यावर एफ आणि जी या पिना मोकळ्या झाल्या, आणि काही नव्या ट्रकवर त्यांच्यावर आणखी एक कॅन जाळे आणले गेले. एच आणि जे वरही दुसरे जाळे असू शकते. एफ आणि जी वर जे१७०८ चा ट्रान्सीव्हर कायम जोडून ठेवणाऱ्या जुन्या पेटीने तेथील कॅनमध्ये अडथळा येऊ शकतो, ही गोष्ट केबलच्या वर्णनात क्वचितच लिहिलेली असते.

युरोपचा मार्ग वेगळा होता. तेथे ट्रकचा उत्पादक बहुधा इंजिनही स्वतः बनवत असल्याने प्रत्येकाची पेटी आणि सॉफ्टवेअर स्वतंत्र राहिले, विद्युतदाब २४ व्होल्ट आणि सॉकेट मोटारीसारखे १६ पिनांचे. त्याचे दोन प्रकार आहेत : ए हा १२ व्होल्टसाठी आणि बी हा २४ व्होल्टसाठी. बी मधील मधली खाच सलग नसल्याने मोटारीचा ए प्लग त्यात बसत नाही, आणि त्यामागचे कारण साधे आहे : १२ व्होल्टसाठी बनवलेली स्वस्त पेटी २४ व्होल्टवर जळू शकते. हाच अडथळा अनेक पर्यायी केबली सहज ओलांडतात, म्हणून पेटीवर लिहिलेली व्होल्टची मर्यादा प्लगच्या आकारापेक्षा अधिक विश्वासाची आहे.

१६ पिनांच्या सॉकेटात कॅनची ठरलेली जागा ६ आणि १४ ही आहे. उत्तर अमेरिकेत काही उत्पादकांनी जड ट्रकवरही हेच सॉकेट स्वीकारले, पण जे१९३९ मात्र ३ आणि ११ वर आणले. मोटारीची केबल अशा ट्रकला लावली तर वीज मिळते, दिवा लागतो, आणि जे१९३९ कोठेच सापडत नाही. या ट्रकसाठी वेगळी केबल लागते, ती दिसायला तंतोतंत मोटारीच्या केबलसारखीच असते, आणि दोन्ही एकाच खणात ठेवल्या तर फरक मल्टिमीटरनेच कळतो. याच ३ आणि ११ या पिना, १२ आणि १३ सह, पुढे इथरनेटवरून निदान करण्याच्या एका मांडणीतही वापरल्या गेल्या, त्यामुळे केबल निवडताना ट्रकचे वर्ष आणि उत्पादक दोन्ही माहीत असणे अपरिहार्य झाले.

युरो ६ या युरोपातील उत्सर्जन-मर्यादांची अंमलबजावणी २०१३ मध्ये झाली तेव्हा ओबीडीचा जागतिक सामायिक आराखडा, ज्याची मूळ चौकट २००६ ची आहे, प्रत्यक्षात आला. त्यामुळे उत्सर्जनाशी संबंधित कोड कोणत्याही योग्य साधनाने वाचता येऊ लागले, पण ब्रेक, सस्पेन्शन किंवा गिअरबॉक्स यांच्या खोल तपासणीसाठी उत्पादकाचेच सॉफ्टवेअर लागणे थांबले नाही. सायबर सुरक्षेचा नियम युरोपात २०२२ पासून नव्या प्रकारांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांना लागू झाल्यावर सॉकेटमागे गेटवे (परवानगीशिवाय संदेश आत न सोडणारे मॉड्यूल) बसवण्याकडे कल वाढला. तेथे अडॅप्टर आणि केबल दोन्ही बरोबर असूनही, इंटरनेटवरून ओळख पटवल्याशिवाय कोड पुसता येत नाही किंवा चाचणी चालवता येत नाही, असे घडू शकते. स्वतंत्र वर्कशॉपसाठी हा अडथळा हिरव्या खाचेपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि त्यावर तितकी चर्चा व्हायला हवी.

दरम्यान वेगाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. कॅन एफडी या कॅनच्या नव्या आवृत्तीवर आधारित जे१९३९-२२ हा भाग २०२१ मध्ये आला. त्यात एका फ्रेममध्ये (जाळ्यावरच्या एका संदेशात) ८ ऐवजी ६४ बाइटपर्यंत माहिती जाते. जुना कॅन नियंत्रक असलेला अडॅप्टर ही फ्रेम समजू शकत नाही, तिला चूक मानतो आणि त्रुटी-संकेत देऊन ती मोडतो. म्हणजे ५,००,००० वर उत्तम चालणारी, वेग स्वतः ओळखणारी, हिरव्या केबलची पेटीही एफडी जाळ्यावर तोच गोंधळ घालू शकते, जो २०११ मध्ये काळ्या प्लगला बाहेर ठेवून टाळायचा होता.