पार्श्वभूमी: हरवलेली चावी, कंपनीचा पिन आणि विम्याच्या दोन चाव्या

गाडीची चावी हरवली की मराठवाड्यात आजही दोन उत्तरं मिळतात. चौकातला चावीवाला म्हणतो, "गाडी आहे तिथंच राहू द्या, मीच येतो." सर्व्हिस सेंटर म्हणतं, आरसी आणा, आधार आणा, पोलिसांतल्या गहाळ नोंदीची प्रत आणा, गाडी टो करून आणा, चावी आली की फोन करू. सेंटर जिल्ह्याच्या गावी आणि गाडी उभी भूमला नाहीतर किनवटला, म्हणजे टोईंगचाच खर्च अंगावर बसतो. एका वस्तूची अशी दोन उत्तरं होण्यामागे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या घडामोडी आहेत.

त्याआधीचं फार सांगण्यासारखं नाही. अँबेसेडर, पद्मिनी, जीप यांची चावी म्हणजे नुसतं पातं. मूळ चावी नसली तरी अडत नसे. कारागीर कोरी चावी कुलपात घालून दाबून हलवायचा, बाहेर काढून उजेडात तिरकी धरायचा आणि पितळेवर जिथं बारीक ठिपका उमटला असेल तिथं कानशीचे दोन हात मारून पुन्हा आत घालायचा. काळी-पिवळी जीपची कुलपं तर इतकी झिजलेली असत की एकीची चावी दुसरीला लागायची. एकाच कंपनीच्या ट्रॅक्टरांचं अजूनही बऱ्याचदा तसंच आहे. चावीचा संबंध कुलपाशी होता, इंजिनाशी नव्हता. स्विचमागच्या वायरी जोडल्या की गाडी चालू.

हे बदललं युरोपात. नव्वदच्या दशकात तिकडे मोटारींच्या चोऱ्या वाढल्या, विमा कंपन्यांनी रेटा लावला आणि ऑक्टोबर 1998 पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात नखाएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. स्विचभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून 125 किलोहर्ट्‌झच्या लहरी निघतात, तेवढ्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर काही गाड्यांचं इंजिन धडधडून सेकंदभरात बसतं, काहींचं सुरूच होत नाही, आणि डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. दार उघडणारा रिमोट हा वेगळाच भाग, त्याच डोक्यात बसवलेला. त्याचा सेल उतरला तर दाराची पंचाईत होते, गाडी मात्र चालू होते. बाजारात दोघांनाही सरसकट 'सेन्सर' म्हणतात आणि गिऱ्हाईक सेल बदलून बदलून दमतं.

आपल्याकडे हा इमोबिलायझर जागतिक मॉडेलांच्या पोटातून आला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत 2001 पासून युरोपीय बनावटीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली आणि पुढच्या दहा वर्षांत लहान गाड्यांतही चिपची चावी रुळली.

खरा वाद इथून पुढचा, पिनचा. गाडीच्या कॉम्प्युटरला नवी चिप 'आपली' म्हणून मान्य करायला लावायची तर बहुतेक गाड्यांना एक गुप्त आकडा द्यावा लागतो. शेंद्र्यात जुळणाऱ्या त्या युरोपीय वाहन गटाच्या सुरुवातीच्या गाड्यांत हा आकडा, म्हणजे पिन, चार अंकी होता आणि चाव्यांच्या जुडग्याबरोबर येणाऱ्या बिल्ल्यावर, खरवडायच्या पट्टीखाली छापलेला असे. बिल्ला जपून ठेवणारा मालक कुठल्याही जाणत्या माणसाकडून चावी करून घेऊ शकत होता. नंतर, साधारण 2005 पासून, पद्धत फिरली. आकडा कुणालाच दिसेना. वर्कशॉपचा कॉम्प्युटर थेट जर्मनीतल्या सर्व्हरला विचारतो, मंजुरी तिकडून गाडीत उतरते, मधला मेकॅनिकही आंधळा आणि मालकही. शेंद्र्याच्या फाटकातून बाहेर पडलेली गाडी शेजारच्या चिकलठाण्यात उभी असली तरी तिच्या चावीची परवानगी समुद्रापलीकडून येते. बाकी कंपन्यांनी आपापल्या परीनं तोच रस्ता धरला. कुणी पिन डीलरलाच दिला, कुणी चेसिस नंबर पाठवून मागवायला लावला.

कारण चोरीचं दिलं गेलं आणि ते खोटं नाही. वायरी जोडून गाडी पळवण्याचा धंदा या चिपनं जवळपास बंद पाडला. पण मालकाकडचा बिल्ला काढून घेतल्यानं चोर किती अडला आणि मालक किती अडला, याचा हिशेब कुणी मांडला नाही. सेंटर दारात असलेल्या पुण्या-मुंबईकराला हा फरक जाणवलाच नसेल. इथं शंभर किलोमीटरवर सेंटर असलेल्या माणसाला तो लगेच जाणवला.

बाजारानं वाट काढलीच. स्टिअरिंगखाली सोळा टोकांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या कॉम्प्युटरला तपासणीचं मशीन जोडायचं. त्याला हातात मावणारं मशीन लावून कित्येक गाड्यांचा पिन थेट वाचता येतो. जिथं येत नाही तिथं इमोबिलायझरचा डबा खोलायचा, आतली आठ पायांची मेमरी वाचून तिचा 'डंप', म्हणजे आतल्या माहितीची जशीच्या तशी प्रत, लॅपटॉपवर घ्यायचा, त्यातून आकडा काढायचा. कानस चालवणाऱ्यांच्या मुलांनी हे शिकून घेतलं. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडचे चावीवाले आता दुचाकीवर मशीनची पेटी बांधून फिरतात.

त्यांच्या कामात एक भेद गिऱ्हाइकाला सहसा कुणी समजावत नाही. एक, असलेल्या चावीची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन. गाडीला दोन्ही एकच वाटतात. काम झटपट होतं, पण हरवलेली चावी जिवंतच राहते. ज्याला सापडली त्याची गाडी सुरू होते. दुसरं, नवी चावी गाडीत नोंदवणं. इथं बऱ्याच गाड्या सगळ्या चाव्या एकाच बैठकीला मागतात आणि त्या वेळी हजर नसलेली चावी यादीतून उडते. हरवलेल्या चावीच्या बाबतीत हेच हवं असतं. पण दुसरी चावी गावाकडं कपाटात राहिलेली असते, आणि दिवाळीला गेल्यावर कळतं की ती दार उघडते, गाडी सुरू करत नाही. चांगला कारागीर काम धरण्याआधी विचारतो, "दुसरी कुठंय?"

आता विमा. गाडी चोरीला गेल्याचा दावा टाकला की कंपनी मूळच्या दोन्ही चाव्या मागते. एक कमी पडली की संशय सुरू: मालकानंच गाडी विकली तर नाही? हा नियम पात्याच्या जमान्याला शोभणारा आहे. चाव्या मोजून आज काय कळतं? क्लोन केलेली चावी त्या मोजणीत येत नाही, आणि किती चाव्या नोंदवल्या हे ज्या कॉम्प्युटरला ठाऊक असतं तो चोरीला गेलेल्या गाडीतच असतो. चावी गाडीतच राहिली असताना चोरी झाली, अशा प्रकरणांत ग्राहक आयोगांपुढे वर्षानुवर्षं वाद झाले. काहींत दावा साफ फेटाळला गेला, काहींत 'नॉन-स्टँडर्ड', म्हणजे अट मोडली तरी काही रक्कम देण्याजोगा, ठरवून 75 टक्के रक्कम देण्यात आली. म्हणून चावी हरवल्या दिवशीच गहाळ नोंद करावी आणि नव्या चावीचं बिल जपावं. गंमत अशी की चावीवाल्याकडं बहुधा बिलच नसतं.

गुपित लपवलं की गाडी सुरक्षित, हा समज बाहेरही तपासला गेला. 2005 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका प्रचलित चिपची 40 बिटांची गुप्त सांकेतिक किल्ली शोधून दाखवली. 2013 मध्ये दुसऱ्या, लाखो गाड्यांत असलेल्या चिपबद्दलचा शोधनिबंध एका वाहन उत्पादक गटानं इंग्लंडच्या न्यायालयातून रोखून धरला. तो 2015 मध्ये छापला गेला. मधल्या दोन वर्षांत त्या गाड्या रस्त्यावर होत्याच.

पुश बटनाच्या गाड्यांनी पातं जवळपास संपवलं; आणीबाणीपुरतं ते रिमोटच्या पोटात सरकवलेलं असतं. खिशातली चावी गाडीला आपोआप उत्तर देते, म्हणून गाडीचा इशारा लांबवरच्या चावीपर्यंत पोचवून मालकाच्या नकळत तिच्याकडून उत्तर मिळवता येतं आणि गाडी उघडून चालू करता येते. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी 2011 मध्येच दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. नव्या गाड्यांत ओबीडीच्या तोंडाशीच पहारा बसल्यानं चावीवाल्यांची जुनी मशीनं तिथं चालत नाहीत आणि ते प्रत्येक गाडीमागं ऑनलाइन परवानगीचं टोकन विकत घेतात. चावी महागली तसं विम्यानं 'की रिप्लेसमेंट'चं जोडकव्हर आणलं. त्याचा हप्ता वेगळा, आणि चावी चोरीला गेली असेल तर दाव्याला पोलिसांतली नोंद लागते. पुन्हा ते काम बहुतेकदा कंपनीच्याच सेंटरात करून घ्यावं लागतं, त्यामुळं किनवटच्या माणसाचं टोईंग काही वाचत नाही.