आज्ञा आणि तिचे कारण : तोरेतील विधींचा अर्थ शोधण्याची परंपरा

कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक आख्यायिका आहे. दाविद राहाबी नावाचा एक परका यहुदी गृहस्थ तेथे आला आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ आपल्याच धर्माचे असावेत असे त्याला वाटले. खात्री करून घेण्यासाठी त्याने तिथल्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवून ते रांधायला सांगितले. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले व उरलेले बाजूला सारले. घटना कोणत्या शतकातली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु कथेचा रोख स्पष्ट आहे. त्या बायकांजवळ ग्रंथ नव्हता आणि नियमाचे कारण तर नव्हतेच; नियम मात्र शाबूत होता.

नियमाचे कारण ग्रंथातही नाही. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके; त्यांतील लेवीय या ग्रंथाच्या 11व्या अध्यायात कोणते जलचर खावेत हे सांगितले आहे. पंख आणि खवलेच का, हे सांगितलेले नाही. तोरा सर्वत्र इतकी अबोल नाही. शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीची, आज्ञा तर ती दोन ठिकाणी दोन निरनिराळी कारणे देऊन सांगते : निर्गम या ग्रंथात देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विश्रांती घेतली म्हणून, आणि अनुवाद नावाच्या ग्रंथात तुम्ही मिसर (इजिप्त) देशात दास होता याची आठवण राहावी म्हणून. ज्या धर्मग्रंथात एकाच आज्ञेची दोन कारणे आढळतात, त्याच्या वाचकांनी इतर आज्ञांचीही कारणे शोधू नयेत, ही अपेक्षाच अवघड होती.

तालमूद या प्राचीन चर्चाग्रंथातील रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, आज्ञांची संख्या 613 मानली आणि तोरेतल्याच शब्दांच्या आधारे त्यांत एक भेद केला. चोरी, खून यांसारखे निषेध ग्रंथात नसते तरी माणसाने ते घालून घेतले असते, हे ‘मिश्पातीम’. लोकर आणि लिनन एकत्र विणलेले वस्त्र न घालणे, डुकराचे मांस वर्ज्य करणे, हे ‘हुक्कीम’. रब्बी म्हणतात, यांची चेष्टा होईल, पण ही राजाज्ञा आहे आणि तिच्यावर खल करण्याचा अधिकार तुम्हांला नाही. आपल्याकडे ‘शास्त्र असतं ते’ म्हणून जो प्रश्न मिटवला जातो, तसाच हा प्रकार वरवर दिसतो. वस्तुतः रब्बींनी या मौनाचेही कारण दिले आहे. राजाने पुष्कळ बायका करू नयेत, नाहीतर त्याचे मन बहकेल, आणि पुष्कळ घोडे बाळगू नयेत, नाहीतर लोकांना पुन्हा मिसरात जावे लागेल, या दोन आज्ञांची कारणे तोरेने उघड सांगितली. शलमोन राजा म्हणाला, ‘मी बायका करीन आणि बहकणार नाही’. आणि नेमका तोच बहकला. अर्थ न कळणे हा रब्बींच्या दृष्टीने मोठा धोका नव्हता. अर्थ कळला म्हणजे आपण नियमातून सुटलो असे शहाण्या माणसाला वाटते, हा खरा धोका होता, आणि पुढचा सगळा वाद याच धास्तीभोवती फिरतो.

ही धास्ती सर्वांत चांगली दिसते ती तांबड्या कालवडीच्या प्रसंगात. प्रेताच्या स्पर्शाने विटाळलेल्यावर कालवडीची राख मिसळलेले पाणी शिंपडण्याचा विधी गणना ग्रंथाच्या 19व्या अध्यायात आहे. हे जादूटोण्यासारखे दिसते, असे एका परधर्मीयाने पहिल्या शतकातील रब्बी योहानान बेन झक्काई यांना म्हटले. भुताने झपाटलेल्या माणसाला तुम्ही मुळ्यांची धुरी देऊन पाणी मारता ना, तसेच हे, असे सांगून त्यांनी त्याची समजूत घातली. तो गेल्यावर शिष्य म्हणाले, ‘त्याला तुम्ही काडीने ढकललेत, आम्हांला काय सांगता?’ तेव्हा गुरू म्हणाले की प्रेत विटाळत नाही आणि पाणी शुद्धही करत नाही. ही देवाची आज्ञा आहे. शिष्यांना दिलेले हे उत्तर परक्याला दिलेल्या उत्तरापेक्षा कितीतरी धाडसी आहे, असे मला वाटते.

अलेक्झांड्रियातील ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी रूपकाचा मार्ग धरला होता. दुभंगलेला खूर म्हणजे बऱ्यावाइटाचा विवेक, रवंथ म्हणजे स्मरण, असा अर्थ तेथे लावला गेला. पहिल्या शतकातील फिलो हा या पद्धतीचा सर्वांत मोठा भाष्यकार. तरीही गूढार्थ हाती आल्यावर शब्दशः पालन सोडून देणाऱ्यांना त्यानेच फटकारले. अक्षरार्थ हा देह आणि गूढार्थ हा आत्मा असेल, तर आत्म्याचे घर म्हणून देहाची निगा राखलीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

मध्ययुगात हा शोध शास्त्रशुद्ध झाला. बगदादच्या सादिया गाओन यांनी दहाव्या शतकात बुद्धीला पटणाऱ्या आणि केवळ श्रवणाने कळणाऱ्या आज्ञा असे वर्ग केले. मात्र सर्वांत दूरवर गेले ते कॉर्डोबात जन्मलेले आणि 1204मध्ये इजिप्तमध्ये निधन पावलेले तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्री मैमोनिदिस. अरबी भाषेत लिहिलेल्या ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्यांनी हुक्कीमनाही कारणे असल्याचा दावा केला : मिश्र वस्त्र मूर्तिपूजक पुरोहित घालीत, म्हणून ते निषिद्ध. यज्ञबळींविषयीचे त्यांचे मत अधिक स्फोटक होते. त्या काळी बळीवाचून उपासनेची कल्पनाच कोणी करू शकत नव्हते, म्हणून देवाने ती सवय एकदम न मोडता आपल्याकडे वळवली. तपशिलांचे कारण शोधण्याला मात्र त्यांनी वेड म्हटले. बळी असावा याला कारण आहे, पण एका ठिकाणी कोकरू आणि दुसऱ्या ठिकाणी मेंढा का, याला नाही. आणि ज्या यज्ञांना त्यांनी तडजोड ठरवले, त्यांचे सगळे नियम आपल्या ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेत त्यांनी बारकाव्यांसह नोंदवले.

विरोध होणारच होता. तेराव्या शतकातील भाष्यकार नाहमानिदिस यांनी विचारले की सृष्टीच्या आरंभकाळातल्या हाबेलाने आणि नोहाने अर्पणे केली, तेव्हा जगात मूर्तिपूजक होते कुठे? पुढे तोरेतील मूळपुरुष अब्राहाम आणि त्याची पत्नी सारा म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानातले आकार आणि द्रव्य, अशी प्रवचने होऊ लागली, तेव्हा 1305मध्ये बार्सिलोनाच्या रब्बी श्लोमो बेन अद्रेत यांनी 25 वर्षांखालील तरुणांना ग्रीक तत्त्वज्ञान शिकण्याची बंदी घातली.

शलमोनाची गोष्ट खरी ठरली असे म्हणायचे, तर 1885च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्याकडे बोट दाखवावे लागेल. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी त्यात आहाराचे नियम परक्या काळातल्या कल्पनांतून आले असल्याचे सांगून बाजूला ठेवले. कारण ऐतिहासिक ठरले की कालबाह्यही ठरते. जर्मनीत साम्सन राफाएल हिर्श यांनी त्याआधीच, 1830च्या दशकात, आज्ञांची प्रतीकात्मक उकल पालनाच्या बाजूने वापरून दाखवली होती.

याच एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न मराठीत आला. पेसाखच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या, रात्री घरोघर वाचली जाणारी हागादा ही मिसरातून झालेल्या सुटकेची पोथी 1846मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यात चार मुलांचा प्रसंग आहे. त्यांतला शहाणा विचारतो : देवाने दिलेल्या या साक्षी, विधी आणि नियम यांचा अर्थ काय? बापाने त्याला पेसाखचे नियम शिकवायचे असतात, अगदी वल्हांडणाच्या भोजनानंतर आणखी काही खायचे नाही इथपर्यंत.